गोव्यात दारूबंदी आली आणि उठलीही, तर परत काय सुरू होईल : बार की काजूची भट्टी?

पेडणे : जुलै २०२४ मध्ये गोवा विधानसभेच्या पावसाळी अधिवेशनात मयेचे भाजप आमदार प्रेमेंद्र शेट यांनी राज्यात दारूबंदी करा, अशी मागणी केली. रस्त्यावरचे आणि कारखान्यांतले अपघात ही कारणं त्यांनी पुढे केली. मागणीला एक शेपूट होतं. दारू गोव्यात बनवायला हरकत नाही, बाहेरच्या राज्यांत पाठवायलाही हरकत नाही, फक्त गोव्यात पिणं थांबलं पाहिजे. चार दिवस थट्टामस्करी झाली, हे व्यवहार्य नाही असं सत्ताधारी-विरोधक दोघांकडूनही सांगून झालं आणि विषय बाजूला पडला.

डिचोली तालुक्यातल्या मतदारसंघाचा आमदार हे बोलतो, यात हसण्यासारखं काही नाही. खनिज पट्ट्यातल्या गावांत दारूने काय केलं, ते तिथल्या बायका जास्त चांगलं सांगतील. पण ते शेपूट दोडामार्ग, बांदा, सावंतवाडीच्या वाचकाला खटकेल. आपल्याकडे विष म्हणून बंद करायची ती वस्तू शेजाऱ्याकडे माल म्हणून पाठवायची, असा त्याचा सरळ अर्थ होतो.

आता प्रश्न उलटा करून बघा. समजा दारू आज बंदच आहे. उद्या कुणी अर्ज केला की ही वस्तू विकायची परवानगी द्या. मिळेल?

नुसती आरोग्याची फाईल उघडली तर मिळणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने दारूला १९८८ सालीच कर्करोगकारक ठरवलं. दारूचं कुठलंही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही, असं या संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्टच सांगितलं. तिच्याच अंदाजाने २०१९ या एका वर्षात जगात २६ लाख मृत्यू दारूमुळे झाले. इतकी खराब फाईल घेऊन कुठलंही नवं औषध, नवं पेय बाजारात येऊ शकत नाही.

याचा एक नमुना गोव्यातच आहे. गांजा देशात १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने बंद झाला. डिसेंबर २०२० मध्ये औषधी वापरासाठी त्याची नियंत्रित लागवड करू द्यावी, अशा प्रस्तावाला गोव्याच्या कायदा खात्याने हरकत नसल्याचं म्हटलं. ओढायला नव्हे, औषधाला. तरीही गदारोळ झाला आणि प्रस्ताव अडकला. एम्सने केलेल्या २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत देशात दारू पिणारे सुमारे १६ कोटी आणि भांग-गांजावाले सुमारे ३ कोटी निघाले. ज्या वस्तूचे ग्राहक पाचपट, ती चालू. जिचे कमी, ती औषधालाही नको. एकदा बंद झालेली वस्तू उघडायला किती जड जातं, ते यातून दिसतं.

चंद्रपूरचा हिशेब

मग दारूही बंद राहिली असती का? इथे चंद्रपूर आडवं येतं. शेजारचे वर्धा आणि गडचिरोली हे जिल्हे आधीपासून कोरडे. चंद्रपुरात बायकांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले, त्या रेट्याने १ एप्रिल २०१५ पासून बंदी लागू झाली. २०२१ च्या सुरुवातीला निवृत्त सनदी अधिकारी रमानाथ झा यांची समिती नेमली गेली, २७ मे रोजी मंत्रिमंडळाने बंदी उठवली आणि जुलैत दुकानं उघडली. एका बारमालकाने पालकमंत्री विजय वडेट्टीवारांचा फोटो ठेवून आरती केल्याचा व्हिडिओ तेव्हा घरोघरी फिरला.

बंदी उठवताना दारू चांगली आहे, असं कुणीही म्हटलं नाही. अवैध दारू वाढली, त्या धंद्यात बायका-पोरं ओढली गेली, महसूल बुडाला, ही कारणं दिली गेली. म्हणजे प्रश्न वस्तूचा नव्हताच, पैसा कोणत्या खिशात जातो याचा होता. हरियाणात १९९६ ची बंदी १९९८ मध्ये संपली, आंध्रात १९९५ ची १९९७ मध्ये. मणिपूरने १९९१ पासूनची बंदी तीन दशकांनी सैल केली. गुजरातने गिफ्ट सिटीपुरती खिडकी डिसेंबर २०२३ मध्ये उघडली. बिहार २०१६ पासून बंद आहे, पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तिथले १५.५ टक्के पुरुष पितात असं निघालं आणि उघड्या महाराष्ट्रात १३.९ टक्के.

अपवाद गडचिरोलीचा. चंद्रपूर उघडलं तेव्हा तिथेही उघडा, असा सूर निघाला होता. शेकडो गावांनी बंदी राहू द्या म्हणून ठराव केले. १९९३ पासूनची ती बंदी कागदापेक्षा गावाच्या जोरावर उभी आहे. महाराष्ट्राच्या नियमात 'आडवी बाटली'ची सोय आहे. अर्ध्याहून जास्त महिला मतदारांनी बाटली आडवी केली की गावातलं दुकान बंद. गडचिरोलीने ती ताकद जिल्हाभर टिकवली, चंद्रपुरात मोर्चे थांबल्यावर ती ओसरली, एवढाच काय तो फरक म्हणायचा.

नाक्यावरची छोटी दारूबंदी

खरं तर सीमेवर एक दारूबंदी आजही चालू आहे, फक्त तिला कुणी त्या नावाने हाक मारत नाही. 'गोवा बनावटीची दारू जप्त' ही बातमी सिंधुदुर्गात आठवड्याला असतेच. बाटलीतला माल तोच, कित्येकदा कंपनीही तीच. गुन्हा असतो तो लेबलवरच्या 'फक्त गोव्यात विक्रीसाठी' या ओळीचा. ऑक्टोबर २०२२ मध्ये महाराष्ट्राचे उत्पादन शुल्क मंत्री शंभूराज देसाई यांनी गोव्याची दारू आणताना पुन्हा पुन्हा सापडणाऱ्यांना मोक्का लावू, असा इशारा दिला. मोक्का हा टोळीगुन्हेगारीसाठीचा कायदा. दारू वाईट म्हणून इतका कडक कायदा कुणी काढला नसता. कर बुडतो म्हणून काढला.

कराचं गणित साधं आहे. जून २०२५ मध्ये महाराष्ट्राने विदेशी मद्यावरचं शुल्क उत्पादन मूल्याच्या तिपटीवरून साडेचारपट केलं. कंपनीने मूल्य १०० रुपये दाखवलं तर आधी ३०० रुपये शुल्क होतं, आता ४५०. वर्षाला १४ हजार कोटी जादा मिळतील, असा सरकारचा अंदाज होता. १८० मिलीची विदेशी बाटली किमान २०५ रुपयांवर गेली. हा आकडा मुंबईत बसून काढला तरी त्याचा परिणाम पत्रादेवी आणि दोडामार्गला दिसतो. शुल्क जितकं चढेल तितका डिकीतल्या एका बाटलीचा फायदा वाढतो. गोव्यात कामाला जाऊन संध्याकाळी दुचाकीने परतणारा आरोंद्याचा पोरगा अर्थशास्त्र शिकलेला नसतो, पण हे त्याला तोंडपाठ असतं.

शिवाय वयाचा घोळ आहेच. गोव्यात २१ व्या वर्षी दारू पिता येते. महाराष्ट्रात बिअरला २१, कडक दारूला २५. म्हणजे २२ वर्षांचा मुलगा आरोंदा-किरणपाणी पूल ओलांडला की कायदेशीर आणि परत आला की गुन्हेगार. महाराष्ट्राचा कायदा तर १९४९ चा, आणि नावानेच दारूबंदी कायदा आहे. त्यात पिणाऱ्यालाही परवाना लागतो. तो खिशात बाळगणारा माणूस सावंतवाडीत शोधून दाखवावा. गोव्याचं १९६७ मध्ये विलीनीकरण झालं असतं तर हाच कायदा पेडण्याला लागला असता. पेडणे-डिचोली पट्टा तेव्हा विलीनीकरणाच्या बाजूने होता, हे विसरता येत नाही.

मग भट्टीचं काय?

गोव्यात उद्या बंदी आली, तर चंद्रपूरसारखीच पाच-सहा वर्षांत ती उठेल. पर्यटन आणि तिजोरी तिला त्याहून जास्त टिकू देणार नाहीत. राबवणार कोण, हाही प्रश्न आहेच. पेडणे अबकारी कार्यालयातला परवाना शुल्काचा घोटाळा २०२३ मध्ये विधानसभेत गाजला होता, तो लोकांच्या लक्षात आहे. पण मधल्या पाच-सहा वर्षांत जे मोडेल ते परत उभं राहील का, यावर त्या अधिवेशनात कुणी बोललं नाही.

हातात पैसा असलेला बारवाला शटर ओढून थांबू शकतो. कारखाना तर शेट यांच्या योजनेत बंदच होत नाही. मरेल ती इब्रामपूर, साळ, मेणकुरे भागातली काजूची भट्टी. तिचा हंगाम मार्च ते मे, जेमतेम तीन महिने. बोंडू झाडावरून पडला की त्याच दिवशी मळावा लागतो, रस आंबायला ठेवावा लागतो. पहिल्या धारेचा हुर्राक फार टिकत नाही. तो गावातच, त्याच उन्हाळ्यात खपतो. परराज्यात पाठवायची सोय त्याला लागू पडत नाही. फेणी टिकते, पण ती बाहेर पाठवायची तर लेबल, परवाने, गोदाम हवं, आणि ते भट्टीवाल्याकडे नसतं, बाटलीबंद करणाऱ्या कंपनीकडे असतं. भट्टी बंद झाली तर बोंडू कुजून जाईल, बागायतदाराला नुसत्या बियांचा भाव उरेल आणि तोही बाजार दरवर्षी पाडतो.

काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ मध्ये फेणी राज्याचं वारसा पेय ठरली, २०२१ मध्ये फेणी धोरण आलं. कागदावर मान भरपूर आहे. पण पाच हंगाम भांडं चुलीवर चढलं नाही, तर सहाव्या वर्षी ते चढवायला पोरगा घरी राहणार नाही. तो मोपा विमानतळावर नाहीतर तुयेच्या कारखान्यात कामाला लागलेला असेल. बंदी उठल्यावर परवान्यासाठी रांगेत उभे राहतील ते भांडवलवाले, आणि किनाऱ्यावरच्या बारमध्ये मिळेल ती परराज्यातल्या कारखान्याची बाटली.

डिचोलीतल्या ज्या घरात रोज मारहाण होते, तिथल्या बाईला हा हिशेब सांगून उपयोग नाही, हेही खरं. तिला आज काहीतरी हवं आहे. गोव्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत संगाथ संस्थेने एक प्रयोग केला होता. साध्या प्रशिक्षित समुपदेशकांनी घातक पिणाऱ्या पुरुषांशी मोजक्या बैठका घेतल्या आणि त्याचा उपयोग झाला, असे निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. मयेच्या आमदारांनी पुढच्या अधिवेशनात डिचोलीच्या आरोग्य केंद्रांत असे समुपदेशक किती आहेत, एवढं जरी विचारलं तरी सरकारला आकड्यात उत्तर द्यावं लागेल. काजूच्या पावण्या मात्र हंगामाआधी नेहमीप्रमाणे होतीलच.