जुन्या कॅमेऱ्यांना नवी पेटी

आज सुरुवात एका चोरीला गेलेल्या मोटारसायकलीपासून करतो.

मुंबईतली झोपडपट्टी पुनर्वसनातली सात मजली इमारत. राहणारे सगळे आपल्यासारखेच. कुणी पालिकेत, कुणी रिक्षावर, कुणी घरकामाला जाणारी. दहा-बारा वर्षांपूर्वी त्यांनी वर्गणी काढून आठ कॅमेरे बसवले होते. एका रात्री आवारातून मोटारसायकल गेली. सकाळी कमिटीच्या खोलीत गर्दी करून सगळ्यांनी चित्रण पाहिले. एक माणूस गाडी ढकलत गेटाबाहेर नेतो एवढे दिसले. चेहरा म्हणजे नुसता कणकेचा गोळा. वेळ मात्र कोपऱ्यात स्वच्छ छापलेली, दोन वाजून दहा मिनिटे.

वॉचमनकाका सांगत होते, "मी गेट सोडले नाही. तीन वाजता पाणी आले तेव्हा तेवढा मागे पंप लावायला गेलो." वहीत तशी नोंद होती, आणि पंपाचे काम कमिटीनेच त्यांच्या गळ्यात घातलेले. पण चित्रणात तर दोन दहा! म्हणजे हा माणूस झोपला होता, नाहीतर सामील होता. पगारातून पैसे कापायचे ठरले. कामावरून काढा, असेही दोघे-तिघे बोलले. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या बारावीतल्या एका मुलीने आपला मोबाईल टीव्हीशेजारी धरला. मोबाईलमध्ये सव्वाअकरा, टीव्हीत दहा वीस. पंचावन्न मिनिटांचा फरक! चोरी झाली होती तीन वाजून पाच मिनिटांनी, काका पंपाजवळ असताना.

यात जादू काही नाही. रेकॉर्डरचे घड्याळ रोज सव्वादोन सेकंद मागे पडत राहिले, तर चार वर्षांत बरोबर एवढाच फरक पडतो. चार वर्षांत कुणी ते लावले नव्हते. आपल्यातले कितीतरी भाऊ, काका, आता तायासुद्धा सिक्युरिटीच्या नोकरीत आहेत. यंत्र चुकले की आधी बोट त्यांच्याकडे जाते.

काकांचा पगार वाचला. मग कमिटीने ठरवले, हे जुने सगळे काढून टाकायचे. एकाने अंदाजपत्रक दिले : नवे कॅमेरे, नव्या तारा, नवा रेकॉर्डर, भिंती फोडणे-बुजवणे वेगळे. घरटी पडणारा आकडा ऐकून खजिनदार ताईंनी कागद मिटून ठेवला आणि मला विचारले, "हे सगळेच बदलावे लागते का?"

नाही लागत. आणि जे बदलायला पाहिजे ते एकदम बदलावे लागत नाही.

आधी चेहरा का दिसला नाही ते पाहू. जुन्या साध्या कॅमेऱ्याचे चित्र आडवे ७०४ आणि उभे ५७६ ठिपक्यांचे असते. म्हणजे सगळे मिळून चार लाख ठिपके. आजच्या दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचे १९२० बाय १०८०, म्हणजे वीस लाखांवर. या कामासाठी एक आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यानुसार अनोळखी माणसाची ओळख पटवायची तर तो उभा असेल तिथे दर मीटर रुंदीला २५० ठिपके पडले पाहिजेत. ओळखीचा माणूस ओळखायला १२५ पुरतात. आता हिशेब करा. गेटाजवळ सहा मीटर रुंदीचा भाग कॅमेऱ्यात येत असेल, तर जुन्याला मीटरमागे ११७ ठिपके मिळतात, नव्याला ३२०. पण तोच नवा कॅमेरा पंधरा मीटर रुंद आवारावर रोखला, की १२८! म्हणजे पुन्हा कणकेचा गोळा. विकणारा मेगापिक्सेल सांगतो, रुंदी सांगत नाही. म्हणून एक कॅमेरा फक्त गेटावर, माणूस येतो-जातो त्या अरुंद जागेवर धरा. जिना आणि पंपाची खोली इथे कोण आले-गेले एवढेच पाहायचे असते. तिथले जुने कॅमेरे अजून चालतील.

आता तारेचे. जुन्या कॅमेऱ्यांना जी काळी किंवा पांढरी जाड केबल असते तिला बाजारात ‘थ्री प्लस वन’ म्हणतात. चित्र नेणारी एक कोअॅक्स तार आणि वीज नेणाऱ्या तीन बारीक तारा. भिंतीतून, डक्टमधून ही तार ओढण्यातच खरी मजुरी गेलेली असते. २०१२ नंतर एचडी-सीव्हीआय, एचडी-टीव्हीआय आणि एएचडी अशा तीन पद्धती निघाल्या, त्या नेमक्या याच जुन्या तारेतून स्वच्छ मोठे चित्र नेण्यासाठी. चांगल्या तारेवर दोन-तीनशे मीटरपर्यंत काम होते. आपल्या इमारतींना तेवढे अंतर पुष्कळ झाले. तेव्हा ‘तारा बदलाव्याच लागतील’ असे कुणी म्हणाले तर त्याला सांगा, आधी एक नवा कॅमेरा याच तारेवर लावून दाखव. पाच मिनिटांचे काम आहे.

तार खरोखर खराबही निघते. बहुतेक वेळा टोकाशी. गच्चीवरच्या जोडात पाणी शिरते, बीएनसी पिनेला हिरवट गंज चढतो. वीतभर तार कापून नवी पिन बसवली की चित्र परत येते. तार आतून तांब्याची आहे की नुसता मुलामा आहे, हेही कापताना दिसते. मुलाम्याची असेल तर लांबच्या कॅमेऱ्यापुरती बदला.

मग पहिला पैसा कशावर घालायचा? पेटीवर, म्हणजे रेकॉर्डरवर. जुना डीव्हीआर फक्त जुन्या कॅमेऱ्यांचे ऐकतो. आता ज्याला एक्सव्हीआर म्हणतात ती पेटी पाचही जातींचे कॅमेरे घेते : जुना साधा, वर सांगितलेले तीन एचडी प्रकार, आणि नेटवर्कवर चालणारा आयपी कॅमेरा. त्या खजिनदार ताईंना मी हेच सांगितले. यंदा पेटी घ्या आणि एक नवा कॅमेरा गेटावर. बाकी सात जुनेच त्याच पेटीला जोडा. दिवाळीनंतर आवाराचा बदला, पुढच्या वर्षी लिफ्टजवळचा. नवा कॅमेरा घेताना चारही प्रकारांत चालणारा मागा. त्याच्या शेपटीला प्रकार बदलायचे छोटे बटण असते. मग पेटीशी त्याचे जमले नाही असे होत नाही.

आयपी कॅमेरा वाईट नाही, पण त्याला कॅट-सिक्स तार लागते आणि तिची मर्यादा शंभर मीटर. फायदा असा की त्याच एका तारेतून वीजही जाते. इमारतीला नवी विंग झाली किंवा खाली दुकानाचा गाळा आला, तर तिथे आयपी घाला आणि नेटवर्कवरून त्याच पेटीत आणा. कॅमेरा एका कंपनीचा, पेटी दुसऱ्या कंपनीची असेल तर दोन्हींवर ‘ऑनव्हिफ’ लिहिलेले आहे का ते पाहा. अॅक्सिस, बॉश आणि सोनी या तीन कंपन्यांनी २००८ साली सुरू केलेली ही सामाईक बोली आहे. तिने चित्र नक्की येते. आवाज, हालचालीची सूचना वगैरे खास गोष्टी येतीलच असे नाही. दुकानदाराकडून जोडून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

एक गंमत सांगतो. पुष्कळ ठिकाणी ‘कॅमेरा दिवसा चालतो, रात्री बंद पडतो’ म्हणून नवा घेतात. अंधार पडला की कॅमेऱ्यातले न दिसणारे लाल दिवे लागतात, वीज जास्त ओढली जाते, आणि लांबच्या बारीक तारेत बारा व्होल्टचे दहा होऊन पोहोचतात. कॅमेरा बिचारा बंद-चालू होत राहतो. वीज देणारा एसएमपीएस डबा जवळ आणला की तोच कॅमेरा ठणठणीत! रात्री चित्र धुरकट दिसते तिथे तर अर्ध्या वेळा कोळ्याचे जाळे असते. आधी झाडू घ्या, मग पाकीट काढा.

नव्या पेटीत साठवण किती दिवसांची, हे विचारायला लोक विसरतात. दोन मेगापिक्सेलचा एक कॅमेरा जुन्या एच.२६४ पद्धतीने, सेकंदाला चार मेगाबिट धरले, तर दिवसाला ४३ जीबी खातो. एच.२६५ पद्धतीने साधारण निम्मे. एक टीबीच्या डिस्कवर असे चार कॅमेरे पहिल्या पद्धतीने सहाएक दिवस पुरतील, दुसरीने अकरा-बारा. गावी गेलेल्या माणसाला पंधरा दिवसांनी परत आल्यावर चोरी कळते. त्याचा विचार करून डिस्क घ्या.

आता इंटरनेट. सगळ्यांना मोबाईलवर चित्र पाहिजे असते. जुन्या पेट्या संगणकावर पाहायला इंटरनेट एक्स्प्लोरर लागायचे. ते जून २०२२ मध्येच बंद झाले. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कारखान्यातून आलेला पासवर्ड. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या घातकी प्रोग्रॅमने असे पासवर्ड न बदललेले लाखो कॅमेरे, डीव्हीआर आणि राऊटर ताब्यात घेतले. त्यांच्याच जोरावर त्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास बंद पाडल्या गेल्या. डीव्हीआरच्या मालकांना पत्ताही नव्हता. म्हणून पेटी बसवणाऱ्याला उठू देण्याआधी पासवर्ड तुमच्या हाताने बदला. तो कमिटीच्या दोघांकडेच ठेवा, सगळ्या ग्रुपवर टाकू नका. जुना डीव्हीआर काही काळ ठेवणार असाल तर त्याची इंटरनेटची तार काढून टाका. चित्रण होतच राहते. आपल्याकडे एप्रिल २०२५ पासून नवीन कॅमेऱ्यांना सरकारी सुरक्षा चाचणीचा नियम लागू झाला आहे. घेताना त्या प्रमाणपत्राचे विचारा.

आणि कॅमेरा वळवताना कुणाच्या दारा-खिडकीत, न्हाणीकडे रोखला जात नाही ना, हे घरातल्या बायकांना टीव्हीवर दाखवून विचारा. कमिटीत पुरुषच असले की ही गोष्ट हमखास राहते.

घड्याळाकडे परत येतो. नव्या पेटीला इंटरनेट असेल तर वेळ आपोआप लागण्याची सोय असते. मेनूत ती चालू करावी लागते. इंटरनेट नसेल तर महिन्यातून एकदा मोबाईल शेजारी धरून वेळ जुळवा आणि वॉचमनच्या वहीत दोघांच्या सहीने नोंद करा. वेळ हा साधा मुद्दा नाही. जालना विधानसभेच्या २०१४ च्या निवडणुकीतला वाद, उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत आला की नंतर, हा होता; त्यात निवडणूक कचेरीतले व्हिडिओ चित्रण पुढे आले. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि जुलै २०२० मध्ये निकाल लागला की, मूळ यंत्रच कोर्टात हजर केले नाही, नुसती प्रत दिली, तर तिच्यासोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र पाहिजेच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कलम ६३ मध्ये प्रमाणपत्राची अट आहे. पोलिसांना चित्रण देताना काय दिले, कोणत्या तारखेचे, पेटीचे घड्याळ किती पुढे-मागे होते, हे लिहून पोच घ्या. वॉचमनवर आळ आला तर त्यालाही त्याची नक्कल द्या.

त्या इमारतीत आता पेटी नवी आहे, गेटावरचा कॅमेरा नवा आहे, बाकी सात जुने चालू आहेत. जुना डीव्हीआर भंगारवाल्याला द्यायला काढला होता. ताईंना म्हटले, थांबा, आधी चार स्क्रू काढा. आतल्या हार्डडिस्कवर अजून सगळ्यांचे येणे-जाणे आहे.