सोलापूर-मुंबई विमान तासाभराचं, पण सांगोलेकरांना किती वेळ लागतो?

‘सोलापूरहून मुंबई फक्त एका तासात’ असं तुम्हीही वाचलं असेल. १५ ऑक्टोबर २०२५ पासून ही विमानसेवा सुरू झाली आणि हवेतला वेळ साधारण तेवढाच आहे. सांगोल्याच्या प्रवाशाचा हिशेब मात्र वेगळा आहे.

नकाशा बघा. सरळ रेषेत सोलापूर ते मुंबई अंतर अंदाजे ३५५ किलोमीटर, तर सांगोल्याहून मुंबई अंदाजे ३०५. म्हणजे विमान पकडायला आपण आधी मुंबईकडे पाठ करून मंगळवेढ्यामार्गे ८० किलोमीटरहून जास्त उलटं जायचं!

या रस्त्याला दीड-दोन तास. विमानतळावर दीड तास आधी पोहोचलेलं बरं, कारण काउंटर लवकर बंद होतो. मग तासाभराचं उड्डाण आणि मुंबईत बॅग घेऊन बाहेर पडायला अर्धा तास. झाले की साडेचार-पाच तास! पुढे मुंबईचं ट्रॅफिक वेगळंच.

गाडीने पुणेमार्गे गेलं तर सात तासांच्या आसपास लागतात. वाचतात ते दोनेक तास. वयस्कर माणसाला उपचारासाठी न्यायचं असेल तर ते मोलाचे आहेत, रस्त्याचे धक्केही कमी बसतात. पण सकाळी मंत्रालयात किंवा कोर्टात हजर व्हायचं असेल, तर रात्री झोपून जायची बसच सोयीची.