ज्याचे त्याला मिळावे

आज विजयादशमी. पहाटेपासून गोदाकाठी झेंडूच्या राशी लागल्या आहेत, आपट्याच्या डहाळ्यांचे भारे खेड्यापाड्यांतून नाशकात उतरले आहेत, आणि सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या यंत्रांपासून दारातल्या दुचाकीपर्यंत ज्या ज्या वस्तूने वर्षभर साथ दिली, तिला आज हळदकुंकू आणि फूल मिळते आहे. कष्टाच्या पैशातून घेतलेल्या वस्तूत घेणाऱ्याच्या आयुष्याचा काही अंश उतरलेला असतो, हे आपल्या वाडवडिलांनी जाणले होते. म्हणून तर शेतकरी औताची, शिंपी कात्रीची आणि लिहिणारा लेखणीची पूजा करत आला. या पूजेच्या दिवशी अशाही घरांची आठवण ठेवायला हवी, ज्यांच्या दारात यंदा हार घालायला गाडी नाही, कारण ती कुणीतरी रातोरात नेली. जिथल्या आजींच्या गळ्यातली पोत सकाळच्या फेरफटक्यात हिसकावली गेली. जिथल्या मुलाचा हप्त्यावर घेतलेला मोबाइल बसच्या गर्दीत गेला आणि हप्ते मात्र चालूच राहिले.

दसऱ्याची आपली कथा खरे तर हरवलेले परत मिळवण्याचीच आहे. अज्ञातवास सरताना अर्जुनाने शमीवर ठेवलेली शस्त्रे उतरवली, एवढे आपण दर वर्षी मुलांना सांगतो. ती कशासाठी उतरवली, हे सांगायचे अनेकदा राहून जाते. कौरवांनी विराटाच्या गायी वळवून नेल्या होत्या. गोधनाचा रखवालदार धावत राजधानीत आला आणि त्याने घडले ते सांगितले. राजा दुसऱ्या बाजूच्या स्वारीवर गेलेला, घरी राजपुत्र उत्तर तेवढा. तरीही त्या रखवालदाराला उद्या ये असे कुणी म्हटले नाही. रथ त्याच दिवशी निघाला, शस्त्रे शमीवरून खाली आली आणि गायी घरी परतल्या. ज्या विजयाच्या नावाने आपण आज सोने लुटतो, तो एका तक्रारीची तातडीने दखल घेतल्यामुळे मिळालेला विजय आहे.

आज नागरिकाला ही तातडी क्वचितच अनुभवाला येते. चोरी झालेला माणूस ठाण्याच्या पायऱ्या चढतो तेव्हा तो आधीच खचलेला असतो. तिथे त्याला कधी साधा अर्ज देऊन जायला सांगितले जाते, कधी जागा आमच्या हद्दीत येत नाही असे ऐकावे लागते, तर कधी चोरीला गेलेला मोबाइल गहाळ झाल्याची नोंद त्याच्या हाती पडते. मग तो स्वतःच शोधाला लागतो. शेजारच्या दुकानांतले सीसीटीव्ही पाहतो, जुन्या बाजारात फिरतो, मोबाइलचा ठावठिकाणा दुसऱ्याच्या फोनवर न्याहाळत बसतो. आपली वस्तू अमुक गल्लीत आहे हे कळूनही ती हाती येत नाही, याची तगमग चोरीच्या दुःखाहून मोठी असते. गेलेल्या वस्तूसाठी कार्तवीर्यार्जुनाचे स्तोत्र म्हणणारी माणसे आपल्या घरांत आजही आहेत. त्या श्रद्धेचा मान राखूनही म्हणावे लागते, की नागरिकाला केवळ स्तोत्राचाच आधार उरावा, हे कोणत्याही शासनव्यवस्थेला शोभणारे नाही.

पोलिसांची बाजूही आपण समजून घेतली पाहिजे. आपण सण साजरा करतो तेव्हा ते बंदोबस्तावर उभे असतात. त्यांच्या घरचे सोने बहुतेकदा रात्री उशिरा वाटले जाते. मनुष्यबळ अपुरे, गुन्हे नव्या तऱ्हेचे, आणि नाशिकच्या पोलिसांच्या माथ्यावर तर २०२६-२७ च्या सिंहस्थाचा भार. पण कामाचा ताण हे विलंबाचे कारण झाले, तरी तक्रारच न घेण्याचे कारण होऊ शकत नाही. त्यातून नाशिकची जबाबदारी काकणभर अधिकच आहे. पुण्याजवळ भांबुर्ड्याला १९०६ मध्ये सुरू झालेली पोलीस प्रशिक्षण शाळा १९०९ मध्ये या गावात आली आणि आज त्र्यंबक रस्त्यावरच्या त्याच संस्थेत, महाराष्ट्र पोलीस अकादमीत, राज्याचे उपनिरीक्षक तपासाचे धडे घेतात. जिथे तपास शिकवला जातो, त्या गावाकडे राज्याने आदर्श म्हणून पाहावे, ही अपेक्षा गैर नाही.

चोरीचा माल मिळवून देणे हे राज्यकर्त्याचे काम आहे, ही जाणीव आपल्याकडे फार जुनी आहे. याज्ञवल्क्याने आणि कौटिल्याने ते राजाचे कर्तव्यच मानले. शोध लागला नाही तर राजाने पदरचे द्यावे, इथवर त्यांचा आग्रह होता. पुढे मराठेशाहीच्या गावगाड्यात जागल्या आणि रामोशी चोराचा माग काढत. पावलांचे ठसे शिवेपर्यंत गेले की पुढच्या गावाने तो माग आपल्या अंगावर घ्यायचा, आणि ज्या गावात माग हरवेल त्याने चोर दाखवायचा किंवा नुकसान भरून द्यायचे. शीव आली म्हणून शोध थांबत नसे. तिथे जबाबदारी एका हातातून दुसऱ्या हातात जाई. आज सायंकाळी आपण ज्या शिवेपलीकडे जाऊन शमीचे पूजन करू, तिचा हा अर्थही ध्यानी घेण्याजोगा आहे.

आताचा कायदा याच मार्गाने गेला आहे. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळताच तो नोंदवणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी प्रकरणात नोव्हेंबर २०१३ मध्ये स्पष्ट केले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने हद्दीची सबब काढून टाकली. गुन्हा कुठेही घडलेला असो, खबर कोणत्याही ठाण्यात देता येते. ती ऑनलाइनही देता येते, मात्र तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. नोंदीची प्रत विनामूल्य मिळते आणि तपास कुठवर आला हे ९० दिवसांच्या आत कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. ठाण्यात दाद लागली नाही तर वरिष्ठ अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी, तिथेही लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा, ही वाट कायद्यानेच आखून दिली आहे.

या कायद्यात एक उणीव मात्र आहे आणि ती गरिबाच्या वाट्याला आली आहे. पाच हजार रुपयांहून कमी किमतीची चोरी आता अदखलपात्र धरली जाते. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशावाचून पोलीस तिचा तपास करू शकत नाहीत. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईचा चार हजारांचा फोन म्हणजे तिच्या कित्येक दिवसांची मजुरी, मुलांशी बोलण्याचे साधन आणि कामाचा निरोप येण्याची एकमेव वाट. तिच्या नुकसानीचे मोल बाजारभावाने ठरवणे अन्यायाचे आहे. संसदेने या तरतुदीचा फेरविचार करायला हवा.

चोर सापडला तरी वस्तू घरी यायला वेळ लागतो, हे दुसरे दुखणे. दिवेआगरचा सुवर्णगणेश २४ मार्च २०१२ रोजी चोरीला गेला. चोर पकडले गेले, वितळवलेल्या सोन्याचा काही भागही हाती लागला. पण मूर्तीची पुन्हा प्रतिष्ठापना व्हायला २३ नोव्हेंबर २०२१ उजाडला. देवाला इतकी वर्षे थांबावे लागते, तिथे सामान्य माणसाच्या मंगळसूत्राची काय कथा? जप्त वस्तू पंधरा दिवस ते महिनाभराहून अधिक काळ ठाण्यात पडून राहू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात २००२ मध्येच सांगितले होते. नव्या संहितेनुसार न्यायालयाने १४ दिवसांत मुद्देमालाचे विवरण आणि छायाचित्रे तयार करून घ्यावीत आणि त्यापुढच्या ३० दिवसांत त्याच्या परतीचा किंवा विल्हेवाटीचा आदेश द्यावा. तरीही ठाण्यांच्या आवारात वेलींनी वेढलेल्या गाड्या दिसतातच. २ जानेवारीच्या पोलीस स्थापना दिनानिमित्त होणाऱ्या कार्यक्रमांत मुद्देमाल परत दिला जातो, ते पाहून समाधान वाटते. पण परतीसाठी समारंभाची वाट पाहायची गरज असू नये.

मनावर घेतले तर काय होते, हेही याच भागाने पाहिले आहे. द्राक्षे आणि कांदा उचलून पैसे न देता पसार होणाऱ्या व्यापाऱ्यांनी निफाड-दिंडोरीकडच्या अनेक बागाईतदारांना देशोधडीला लावले होते. २०२०-२१ मध्ये नाशिक परिक्षेत्राचे विशेष पोलीस महानिरीक्षक डॉ. प्रताप दिघावकर यांनी या तक्रारी एकत्र करून पाठपुरावा केला आणि बुडाले म्हणून सोडून दिलेले कोट्यवधी रुपये शेतकऱ्यांच्या हाती परत येऊ लागले. मावळातल्या परंदवडीची गंगामाता वाहन शोध संस्था ठाण्यांमध्ये बेवारस पडलेल्या गाड्यांच्या चासी क्रमांकांवरून मूळ मालक शोधून देते. पोलीस आणि नागरिक एकमेकांना पूरक ठरतात, ते असे.

दाद न मिळाल्याचा संताप मात्र हातात काठी घेऊन व्यक्त होऊ लागला, की समाजाची वाट चुकते. १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले येथे चोर आल्याच्या अफवेवरून जमावाने दोन साधूंना आणि त्यांच्या गाडीचालकाला ठार केले. तो डाग महाराष्ट्र विसरू शकत नाही. आपली वस्तू कुठे आहे हे कळले, तर ती माहिती पोलिसांना लेखी द्यावी, पोच घ्यावी आणि त्यांना बरोबर घेऊनच तिथे जावे. एकट्याने कुणाच्या दारावर जाण्यात जिवाला धोका आहे, आणि निरपराधावर आळ येण्याचाही.

आपलेही काही कर्तव्य आहे. मोबाइलवर तारा-चौकट-शून्य-सहा-चौकट दाबले की १५ आकडी आयएमईआय क्रमांक दिसतो. तो वहीत उतरवून ठेवावा. फोन गेल्यास तक्रारीची प्रत जोडून संचार साथी पोर्टलवर तो बंद करता येतो, आणि पुढे त्यात कुणी सिम घातले तर पोलिसांना मागही लागतो. दागिन्यांची छायाचित्रे आणि पावत्या, गाडीचा चासी क्रमांक, सायकलची खूण जपून ठेवावी. ठाण्यात आपली वस्तू ओळखून सुपुर्दनाम्यावर घरी आणताना याच कागदांचा आधार होतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, पावतीवाचून स्वस्तात मिळणारी वस्तू घेऊ नये. चोराला गिऱ्हाईक आपल्यातूनच मिळते, आणि ते मिळेनासे झाले की निम्म्या चोऱ्यांचे प्रयोजनच उरणार नाही.

आज पोलीस ठाण्यांतही शस्त्रपूजन होईल. त्या शस्त्रांइतकीच ठाण्यातली फिर्याद लिहून घेणारी लेखणी पूजनीय आहे, कारण गांजलेल्या माणसाची राज्याशी पहिली भेट तिथेच होते. नाशिकच्या शहर आणि ग्रामीण पोलिसांना आमची विनंती एवढीच : आलेल्या माणसाची फिर्याद त्याच दिवशी लिहून घ्या आणि सापडलेला माल कायद्याने सांगितलेल्या मुदतीत मालकाला मिळावा म्हणून स्वतः पुढाकार घ्या. आणि आपण नागरिकांनी, फिर्याद दिल्यावाचून ठाण्यातून परतू नये.