जुनी तबकडी, नवा टीव्ही

आई-बाबांच्या लग्नाची डीव्हीडी कपाटात आहे, प्लेअरही आहे. पण नव्या टीव्हीला तो जोडायचा कसा? चला, हे कोडं सोडवू या.

आधी दोन्हींची बटणं बंद करा. प्लेअरच्या मागे तीन रंगीत भोकं दिसतील. पिवळं चित्राचं, पांढरं डाव्या आवाजाचं, लाल उजव्या. टीव्हीलाही तशीच असतील, तर रंगाला रंग जुळवा. काही टीव्हींना 'एव्ही' लिहिलेलं एकच बारीक भोक असतं. त्याची जोडवायर टीव्हीच्या खोक्यात शोधा.

टीव्हीला फक्त एचडीएमआय असेल तर? नुसती वायर चालत नाही बरं का! जुना प्लेअर लाटांसारखा चढता-उतरता संदेश पाठवतो, एचडीएमआयला हवे असतात आकडे. म्हणून मध्ये दुभाषा लागतो. दुकानात 'एव्ही टू एचडीएमआय' कन्व्हर्टरच मागा. उलटा आणलात तर उपयोग नाही. त्याला यूएसबीतून वीज द्या आणि रिमोटवर योग्य 'सोर्स' निवडा. चित्र थोडं धूसर दिसेल, कारण आपल्याकडच्या डीव्हीडीत 576 ओळी, फुल एचडी टीव्हीत 1080!

2005 च्या जुलैत आमच्या दासगावात दरड कोसळली. 2021 च्या जुलैत महाडमध्ये पुराचं पाणी घराघरांत शिरलं. अशा वेळी कपाटंच्या कपाटं जातात. गेलेल्या आजीचा आवाज कधीकधी एकाच तबकडीत उरलेला असतो. म्हणून मोठ्यांच्या मदतीने संगणकावर तिची प्रत काढा आणि एक प्रत परगावच्या मामाकडे ठेवा. कराल ना?