अनुदानाची तूट विद्यार्थ्यांच्या शुल्कातून भरून काढू नये

प्रति,
मा. मुख्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

मार्फत : मा. तहसीलदार, तहसील कार्यालय, आर्णी, जि. यवतमाळ

विषय : सार्वजनिक विद्यापीठे व संलग्न महाविद्यालयांतील शुल्कवाढ थांबवून शासनाने आपला वाटा उचलण्याबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे आर्णी शहर व तालुक्यातील पालक आणि विद्यार्थी आहोत. आमच्यातील बहुतेकांच्या घरी कोरडवाहू शेती आहे. कापूस, सोयाबीन, तूर. काहींच्या घरी तीही नाही, दुसऱ्याच्या शेतात वेचणी करून चूल पेटते. त्यामुळे शुल्क किती वाढले हे आम्ही रुपयांत मोजत नाही, क्विंटलात मोजतो. 2025-26 च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5328 रुपये होता. म्हणजे कोणी सहज "फक्त पाच हजारांची वाढ" म्हणाला, तर आमच्या हिशेबात जवळपास एक क्विंटल सोयाबीन गेले, आणि तेही हमीभाव मिळाला तर. कापसाचे सांगायचे तर 19 ऑगस्ट 2025 पासून आयात शुल्क माफ झाले आणि ती माफी पुढे डिसेंबरअखेरपर्यंत वाढली. गाठी बाहेरून बिनशुल्क आल्या, आमच्या पोरांना मात्र शुल्कात सूट मागावी लागते.

प्रवेशाचा मोसम आणि पेरणीचा मोसम एकच असतो, ही बाब मंत्रालयातून बहुधा दिसत नसावी. जून-जुलैत बियाण्याच्या बॅगा आणि खताची पोती उचलायची असतात. मृगाने दगा दिला तर दुबार पेरणी. पीककर्ज वेळेवर झाले नाही तर कृषी केंद्रातली उधारी ठरलेली. नेमक्या त्याच आठवड्यात महाविद्यालयाच्या खिडकीवर प्रवेशाची शेवटची तारीख लागलेली असते. सोयाबीनचा पैसा दसरा-दिवाळीच्या आसपास हातात येतो, कापसाचा त्याही नंतर. मधल्या चार महिन्यांचे शुल्क सावकार भरतो आणि त्याचे व्याज आम्ही भरतो. शासनाच्या कोणत्याही शुल्कतक्त्यात हे व्याज दाखवलेले नसते.

आता मूळ मुद्दा. शुल्कवाढीचा प्रश्न निघाला की महाविद्यालय विद्यापीठाकडे बोट दाखवते, विद्यापीठ अनुदानाकडे आणि शासन तिजोरीकडे. विद्यापीठाला दोष देऊन मोकळे होणे आम्हाला मान्य नाही, कारण वाढीचे बिल वरूनच खाली येते असे आमचे मत आहे. शासनाचा मुख्य वाटा मंजूर पदांच्या वेतनाचा. प्राध्यापक निवृत्त झाला आणि जागा भरली नाही की तेवढे वेतन वाचते. पण वर्ग तर भरायचाच असतो. मग तासिका तत्त्वावर किंवा कंत्राटावर शिक्षक येतो. विद्यापीठाच्या विभागांत अशा कंत्राटी माणसांचे मानधन बहुतांशी विद्यापीठाच्या स्वतःच्या निधीतून जाते, आणि त्या निधीत परीक्षा शुल्क, संलग्नता शुल्क यांचा मोठा भाग असतो. महाविद्यालयातील विनाअनुदानित तुकडीचे तर सरळच आहे : मास्तरांचा पगार पोरांच्या शुल्कातून. रिकामी खुर्ची शासनाला फुकट पडते, विद्यार्थ्याला पडत नाही.

ही काटकसर एका वर्षाची नाही. 2001 नंतर नव्या महाविद्यालयांना कायम विनाअनुदान तत्त्वावर परवानगी देण्याचे धोरण आले. 2017 मध्ये पदभरतीवर निर्बंध आले. 4 मे 2020 च्या शासन निर्णयाने कोरोनाच्या कारणावरून विभागांना अर्थसंकल्पातील केवळ 33 टक्के निधी मिळेल असे ठरवले आणि नवी भरती थांबवली. त्या वर्षीची अडचण आम्ही समजू शकतो, आमच्याही घरी तीच होती. परंतु अडचण सरल्यावरही जागा रिकाम्या राहतात आणि शुल्काचा आकडा मात्र एकदा चढला की खाली उतरत नाही. दुसरीकडे 2020 चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण शिक्षणावर सकल देशांतर्गत उत्पादनाच्या 6 टक्के खर्च व्हावा असे म्हणते. कोठारी आयोगाने 1966 मध्ये साधारण हेच म्हटले होते. याच धोरणाखाली 2024-25 पासून संलग्न महाविद्यालयांत चार वर्षांच्या पदवीची रचना आली. चौथे वर्ष म्हणजे आणखी एका वर्षाचे शुल्क, खोलीभाडे आणि मेस. त्याची तरतूद कोणी केली, हे आम्हाला कळावे.

सवलती नाहीत असे आमचे म्हणणे नाही. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गाच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ केले. निर्णय चांगला आहे, त्याबद्दल आम्ही शासनाचे आभार मानतो. अडचण पावतीत आहे. आमच्यातील एका आईने मुलीच्या प्रवेशाची पावती बैठकीत आणली होती. "शिक्षण शुल्क" पुढे शून्य. खाली ग्रंथालय, जिमखाना, प्रयोगशाळा, ओळखपत्र, वार्षिकांक, विकास निधी अशा एकेक ओळी, आणि शेवटी बेरीज. त्या बाईंनी विचारले, "माफ झालं म्हणता, मग हे कायचं घेतलं?" बैठकीत कोणालाच उत्तर देता आले नाही. सवलत एका शीर्षाला लागते आणि वाढ दुसऱ्या शीर्षाखाली होते. शिवाय तोच निर्णय त्या मुलीच्या भावाला लागू नाही, जरी सातबारा एकच असला तरी.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती 2020-21 पासून केंद्र आणि राज्य यांच्यात 60:40 अशी विभागली गेली. केंद्राचा हिस्सा विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि त्याने तो महाविद्यालयात भरायचा असतो. पैसे उशिरा आले की महाविद्यालय शासनाला काही म्हणत नाही, मुलाला म्हणते. परीक्षेचा अर्ज अडतो, टीसी अडते. उत्पन्नाची मर्यादा अजून अडीच लाखच आहे. महाडीबीटीवर अर्ज "प्रलंबित" दिसत राहतो आणि मुलगा दर आठवड्याला सेतू केंद्राच्या बाकावर दिसतो.

आर्णीहून यवतमाळ चाळीसेक किलोमीटर, आणि विद्यापीठ असलेले अमरावती सव्वाशेहून अधिक. अहिल्याबाई होळकर योजनेतला एसटीचा मोफत पास ग्रामीण मुलींना बारावीपर्यंतच आहे, म्हणजे खर्च वाढतो त्याच वर्षी पास संपतो. गावात कोणत्या मुलीचे शिक्षण कुठे थांबले हे विचारले, तर बरीच उत्तरे या एका वर्षापाशी येतात.

संविधानाच्या अनुच्छेद 371(2) मध्ये विदर्भासाठी तांत्रिक व व्यावसायिक शिक्षणाच्या पुरेशा सोयींची न्याय्य व्यवस्था करण्याची तरतूद आहे. विदर्भ विकास मंडळाची मुदत 30 एप्रिल 2020 रोजी संपली. तेव्हापासून या बाबतीत आम्ही कोणाकडे जायचे, हेही सांगावे. आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार भारताने 1979 मध्ये स्वीकारला. त्याच्या अनुच्छेद 13 मध्ये उच्च शिक्षण टप्प्याटप्प्याने मोफत करत न्यावे असे आहे. आपल्याकडे टप्पे उलटे चालले आहेत. दक्षिण आफ्रिकेत 2015 मध्ये विद्यार्थी रस्त्यावर आले तेव्हा तिथल्या सरकारने पुढच्या वर्षीची वाढ शून्यावर आणली होती; म्हणजे इच्छा असेल तर आकडा थांबवता येतो.

आणि आमच्या विद्यापीठाला नाव गाडगेबाबांचे आहे. स्वतः शाळेत न गेलेला तो माणूस गावोगाव खराट्याने रस्ते झाडून झाले की पोरे शाळेत घाला म्हणून सांगत असे. त्याच्या नावाच्या कमानीखालून गरिबाचे पोर शुल्कासाठी परत फिरावे, हे आम्हाला पाहवत नाही.

म्हणून आमची पहिली आणि मुख्य मागणी अशी की, सार्वजनिक विद्यापीठे आणि अनुदानित महाविद्यालयांतील रिक्त मंजूर पदे भरण्याचा कालबद्ध कार्यक्रम शासनाने जाहीर करावा, आणि तो पूर्ण होईपर्यंत कोणत्याही शीर्षाखाली शुल्कवाढीला मान्यता देऊ नये. भरती न करून वाचवलेले पैसे विद्यार्थ्यांकडून वसूल होत आहेत, हे आधी थांबावे. ज्या विद्यापीठाला तरीही वाढ हवी असेल त्याने तीन वर्षांचे जमाखर्च मराठीत, प्रत्येक महाविद्यालयाच्या सूचना फलकावर लावावेत आणि शुल्क निश्चितीच्या समितीने पालकांची हरकत ऐकून मगच निर्णय घ्यावा.

शुल्कमाफीत "इतर शुल्क" धरावे, तिचा लाभ मुलांना आणि अव्यावसायिक पदवीलाही द्यावा. शिष्यवृत्तीची रक्कम शासनाकडून येणे बाकी असताना परीक्षा अर्ज, निकाल किंवा टीसी अडवू नये असे स्पष्ट परिपत्रक काढावे. शेतकरी व शेतमजूर कुटुंबांना शुल्काचा पहिला हप्ता दिवाळीनंतर, विलंबशुल्काशिवाय भरण्याची मुभा द्यावी. मोफत पास पदवीपर्यंत न्यावा. अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीची उत्पन्न मर्यादा वाढवण्यासाठी राज्याने केंद्राकडे आग्रह धरावा.

यापैकी कोणत्या मागणीवर काय कार्यवाही झाली, हे 30 दिवसांत लेखी कळवावे. न कळवल्यास पुढील सत्राच्या प्रवेशाआधी तहसील कार्यालयासमोर शांततेने धरणे धरण्यात येईल. त्या दिवशी आम्ही आपापल्या शुल्काच्या पावत्या सोबत आणू.

सोबत : पावत्यांच्या छायांकित प्रती (विद्यार्थी व महाविद्यालयांची नावे झाकून)

आपले,
आर्णी तालुक्यातील पालक व विद्यार्थी
(सह्या मागील पानांवर)

प्रत माहितीस्तव :
मा. उच्च व तंत्र शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य
मा. कुलगुरू, संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ, अमरावती
मा. जिल्हाधिकारी, यवतमाळ

टीप : या निवेदनाची आवक क्रमांकासह पोच मिळावी.