हौदा आखूड, हौस लांब

अमेरिकेत पिकअप ट्रक विकणारा माणूस तुम्हाला सगळं सांगतो. इंजिन किती ताकदीचं, स्क्रीन किती इंची, मागच्या सीटवर पाय किती पसरता येतात. ट्रक किती वजन ओढतो, हे तर न विचारताही सांगतो. फक्त मागच्या ॲक्सलपासून कॅबच्या भिंतीपर्यंत अंतर किती, एवढं विचारा; त्याला लगेच कुणाचा तरी फोन येतो.

फिफ्थ व्हील ट्रेलर, म्हणजे चाकांवरचं घर, ओढायचा तर घोडं नेमकं तिथेच अडतं. हा ट्रेलर बंपरला नाही, हौद्यातल्या हिचला, म्हणजे जोडणीच्या यंत्राला, जोडतात. त्याच्या नाकाखालची 2 इंच जाडीची किंगपिन हिचच्या जबड्यात बसते आणि तिचा भार ॲक्सलच्या डोक्यावर किंवा किंचित पुढे पडावा लागतो. ट्रेलर 8 ते साडेआठ फूट रुंद, म्हणजे किंगपिनपासून त्याची बाजू निदान 48 इंचांवर, आणि काटकोनात वळताना हीच बाजू कॅबकडे येते. आठ फुटी हौद्यात कॅबपर्यंत साधारण 56 इंच मिळतात, साडेसहा फुटीत 40च्या आसपास. वजाबाकी चौथीतलं पोरही करेल. तरी लोक ऐसपैस कॅब आणि आखूड हौदा घेतात, आणि वर तीस-पस्तीस फुटी घर ओढायला निघतात!

एका कॅम्पग्राउंडवर याचा निकाल मी पाहिला. कॅबच्या छताच्या कडेवर फायबरग्लासचा पांढरा ओरखडा, मागची काच गायब, आणि तिचा चुरा मागच्या सीटवरच्या मुलाच्या खुर्चीत. मूल आधीच खाली उतरलं होतं, हे नशीब. मालक हिचच्या कंपनीला शिव्या घालत होता. हिच मॅन्युअल स्लायडर होती आणि पुढच्या खाचेत लॉक होती. तिनं करावं तरी काय?

डीलर हीच हिच पुढे करतात, कारण ती स्वस्त. अवघड वळण आलं की थांबा, उतरा, लिव्हर ओढा, ट्रेलरचे ब्रेक धरून ठेवा, ट्रक पुढे घ्या म्हणजे हिच मागे सरकते. मग वळा, आणि नंतर हीच सगळी कवायत उलटी. दुकानाच्या मोकळ्या अंगणात हे फार छान दिसतं. अंधार पडलाय, पोरं भुकेनं रडताहेत, मागे गाड्या खोळंबल्यात, तेव्हा उतरून लिव्हर ओढायचं कोणाला सुचतं? माणसाच्या आठवणीवर काचेची जबाबदारी टाकणारं यंत्र मला तरी नको.

पुलराइटच्या सुपरग्लाइडसारखी ऑटोमॅटिक हिच ट्रेलर वळताना आपणहून मागे सरकते, सरळ होताना पुढे येते. किंगपिनभोवती एक प्लेट बसवावी लागते, म्हणजे हिचचं डोकं ट्रेलरबरोबरच फिरतं. महाग आहे, जड आहे, पण विसरत नाही. रीसचा साइडवाइंडर वळण्याचा बिंदूच 22 इंच मागे नेतो. मात्र त्यासाठी किंगपिन धरणारा ट्रेलरचा पिनबॉक्स बदला आणि हिचचं डोकं हलू नये म्हणून पाचर ठोका. एल्कहार्टच्या कारखान्यांत ट्रेलर बनवणारे आता पुढचे कोपरे तासून देतात आणि आखूड हौद्याला चालेल म्हणतात. तुमच्या ट्रकचं माप घेऊन म्हणत नाहीत, एवढंच.

एवढं करून काच वाचली, तरी वजन उरतंच. ट्रेलरच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा किंगपिनवर येतो. 12,000 पौंडांच्या ट्रेलरचे 2,400 पौंड थेट हौद्यात. त्यात हिच, बायको-पोरं, कुत्रा आणि हौद्यातलं सामान मिळवा. पाऊण टनी डिझेल ट्रकच्या ड्रायव्हरच्या दाराजवळचा पिवळा स्टिकर वाचलात, तर कित्येकदा एवढाही पेलोड, म्हणजे ट्रकनं पेलायचा भार, तिथे नसतो. हिचवर 20,000 पौंड कोरलंय म्हणून ट्रकचे स्प्रिंग घट्ट होत नाहीत. विक्रेत्याला याचं सोयरसुतक नाही. चेक वटला की तो मोकळा.

साडेसहा फुटी हौदा असेल तर ऑटोमॅटिक स्लायडरचे पैसे आधी बाजूला काढा, ट्रेलरचे नंतर. ते जमत नसेल तर आठ फुटी हौद्याचा ट्रक घ्या, नाहीतर बंपरमागे ओढायचा लहान ट्रेलर. आणि दुकानात जाताना मोजपट्टी सोबत न्या. विक्रेता मापं घेऊ देत नसेल, तर तिथं थांबू नका.