पुंगळ्या मोजा, पाहाही
कॅडेट मित्रांनो, फायरिंगनंतर आपण पुंगळ्या मोजून जमा करतो. त्या निरखूनही पाहाव्यात, असे मला वाटते. .303 ली-एन्फील्ड रायफलीत काडतुसाच्या कडेसाठी ठेवलेली जागा, म्हणजेच हेडस्पेस, 0.064 ते 0.074 इंच असावी लागते. फरक जेमतेम पाव मिलिमीटरचा! ही जागा वाढली, की बार उडताना पुंगळी ताणली जाते आणि बुडाजवळ तुटू शकते. तिथे चकचकीत वळे दिसले, तर तो इशारा समजावा. नुसत्या नजरेला हे अंतर कळत नाही. 0.064च्या गेजवर बोल्ट बंद व्हावा, 0.074च्या गेजवर होऊ नये. रायफल साफ करण्याबरोबरच उस्तादांनी प्रत्येक कॅडेटला ही तपासणीही दाखवावी. नेम चुकला तर गुण जातात. हे माप चुकले तर डोळा जाऊ शकतो.